इस्ट्रोजेन आणि सांध्यांची झीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळी जाण्याच्या सुमारासच माझे गुडघे आणि बोटे दुखू लागली. हा निव्वळ योगायोग आहे का?

बहुधा नाही. पाळी जाते तेव्हा अंडाशयांतून येणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) घटते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी बंद होते, तर युरोप-अमेरिकेत हे वय ५१ च्या आसपास आहे. पन्नाशीपर्यंत झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, स्त्रियांत आणि पुरुषांत जवळपास सारख्याच प्रमाणात आढळतो. त्यानंतर मात्र स्त्रियांमधले प्रमाण झपाट्याने वाढत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा विकार होता आणि त्यांपैकी ६० टक्के स्त्रिया होत्या. डॉक्टरांच्या लक्षात ही गोष्ट फार पूर्वीच आली होती. सेसिल आणि आर्चर या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९२५ मध्येच ‘रजोनिवृत्तीचा संधिवात’ या नावाने पन्नास रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली होती.

तरीही याच वयात वजन वाढते, स्नायू घटतात, झोप बिघडते आणि या प्रत्येकाचा दुखण्याशी स्वतंत्र संबंध असतो. म्हणून सगळे खापर इस्ट्रोजेनवर फोडणे जितके चुकीचे, तितकेच ४७ वर्षांच्या बाईला ‘आता वय झाले’ एवढेच सांगून परत पाठवणेही चुकीचे. इस्ट्रोजेनचा परिणाम सर्व सांध्यांवर एकसारखा होत नाही, हे लक्षात ठेवले की पुढची बरीच कोडी उलगडतात. त्यामुळे या विषयात ‘कोणता सांधा?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

‘गुडघ्यातले ग्रीस संपले’ असे म्हणतात, ते खरे आहे का?

ही उपमा सोयीची आहे, पण दिशाभूल करणारी आहे. झिजलेल्या गुडघ्यात वंगणद्रव पुष्कळदा कमी नसून जास्तच असतो. ‘गुडघ्यात पाणी झाले’ असे आपण म्हणतो ते यामुळेच. तो पातळ झालेला असतो, हे खरे. या विकारात हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा विरळ होत जाते, तिच्याखालचे हाड बदलते, कडांना हाडाचे काटे फुटतात, सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि सांधा सावरणारे स्नायू दुबळे होतात. संपूर्ण सांधाच आजारी पडलेला असतो. इस्ट्रोजेनचा संबंध यातल्या प्रत्येक घटकाशी येतो, म्हणूनच त्याचा हिशेब सरळ मांडता येत नाही.

इस्ट्रोजेन हे प्रजननाचे संप्रेरक. त्याचे सांध्यात काय काम?

संप्रेरकाला पेशीवर काम करायचे तर त्याला ओळखणारा ग्राहक पेशीत असावा लागतो. इस्ट्रोजेनचे अल्फा आणि बीटा असे दोन्ही प्रकारचे ग्राहक कूर्चेच्या पेशींत, हाडाच्या पेशींत, सांध्याच्या अस्तरात, स्नायूंत आणि वेदना वाहून नेणाऱ्या मज्जापेशींतही सापडलेले आहेत.

सर्वांत नीट समजलेले काम हाडातले आहे. जुने हाड पोखरणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन लगाम घालते. तो लगाम सुटला की कूर्चेखालच्या हाडाची मोडतोड आणि पुनर्बांधणी वेगाने होऊ लागते आणि कूर्चेचा पायाच डळमळतो. अंडाशये काढलेल्या उंदरांत हे स्पष्ट दिसते: कूर्चेतील कोलॅजेन या प्रथिनाचे तुकडे वाढू लागतात आणि त्या प्राण्यांना लगेच इस्ट्रोजेन दिल्यास ही वाढ थोपवता येते. तेच तुकडे स्त्रियांच्या लघवीत मोजले असता, पाळी गेलेल्या स्त्रियांत ते पाळी चालू असलेल्या समवयस्क स्त्रियांपेक्षा अधिक आढळतात. अंडाशये काढलेल्या माकडिणींना दीर्घकाळ इस्ट्रोजेन दिले असता त्यांच्या गुडघ्यांतील इजा कमी राहिल्याचेही दिसले आहे.

मात्र उलट पुरावाही आहे. सशांच्या गुडघ्यांत इस्ट्रोजेनची मोठी मात्रा थेट टोचली असता कूर्चा बिघडली. म्हणजे मात्रा किती, ती कोणत्या वाटेने गेली आणि अंडाशये थांबल्यानंतर किती काळाने दिली, यावर सारे अवलंबून आहे. ‘कमी झाले म्हणून दुखते, भरून काढले की थांबेल’ हा तर्क इथेच लंगडा पडतो.

बोटांच्या टोकांजवळ कडक गाठी आल्या आहेत. त्या कशाच्या?

बोटाच्या शेवटच्या सांध्यावर, नखाच्या थोडे अलीकडे, दोन्ही बाजूंना ज्वारीच्या दाण्याएवढ्या टणक गाठी दिसत असतील तर त्यांना हेबर्डेनच्या गाठी म्हणतात. मधल्या सांध्यावरच्या गाठींना बुशारच्या गाठी म्हणतात. हेबर्डेन हे अठराव्या शतकातले इंग्रज वैद्य, तर बुशार हे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच. या गाठी म्हणजे सांध्याच्या कडेला वाढलेले हाडच असते. ती चरबीची गाठ नसते किंवा साठलेले युरिक आम्लही नसते.

हाताचा सांधा इस्ट्रोजेनच्या चर्चेत महत्त्वाचा आहे, कारण येथे वजनाची सबब सांगता येत नाही. बोटांवर शरीराचा भार पडत नाही, तरीही हा विकार पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांत ठळकपणे उसळतो. सुरुवातीची काही महिने ते दोन-तीन वर्षे गाठ लाल, गरम आणि ठणकणारी असते. सकाळी उठल्यावर मूठ पुरती वळत नाही, बोटातली अंगठी साबण लावूनही निघत नाही, कणीक मळताना कळ येते. नंतर सूज ओसरते, ठणका बहुतेकींचा थांबतो आणि वाकडेपणा मागे उरतो. केलग्रेन आणि मूर यांनी १९५२ मध्ये मध्यमवयीन स्त्रियांतील अशा गाठींचा आणि शरीरातील इतर सांध्यांच्या झिजेचा संबंध तपशीलवार मांडला, त्यामुळे बोटांच्या गाठी असलेल्या स्त्रीने गुडघ्यांकडेही लक्ष ठेवलेले बरे.

मग इस्ट्रोजेन देऊन बोटे बरी होतात का? निरीक्षणात्मक अभ्यासांत येथे गोंधळच दिसतो. ब्रिटनमध्ये वेदनादायक बोटांच्या स्त्रियांवर इस्ट्रोजेन आणि बॅझेडॉक्सिफीन हे औषध यांच्या मिश्रणाची एक छोटी चाचणी झाली आणि २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. तिच्यात २८ स्त्रिया होत्या. अशी मोठी चाचणी घेणे शक्य आहे का, एवढेच तिला पाहायचे होते आणि ते शक्य आहे असे ठरले. औषध गुणकारी ठरल्याचा निकाल म्हणून तिच्याकडे बोट दाखवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

अंगठ्याच्या मुळाशी दुखते. तेही यातच मोडते का?

होय, पण येथे कारणांत आणखी एकाची भर पडते. अंगठ्याच्या बुंध्याचा सांधा खोगिराच्या आकाराचा असतो आणि तो अस्थिबंधांच्या, म्हणजे हाडे जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांच्या, ताणावर टिकून असतो. स्त्रियांत हे अस्थिबंध मुळातच सैल असतात आणि संप्रेरकांचा त्या सैलपणाशी संबंध आहे. सैल सांधा थोडा थोडा घसरत राहतो आणि झिजतो. लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरवताना, ओला टॉवेल पिळताना किंवा किल्ली फिरवताना मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बुडाशी कळ येणे ही याची खूण. या सांध्यासाठी मिळणारा साधा आधारपट्टा घरकाम करताना बांधला तर पुष्कळ फरक पडतो. गोळीपेक्षा तो आधी करून पाहावा.

गुडघ्यांचे काय? सर्वाधिक तक्रार तर त्यांचीच असते.

जगभरात या विकाराने सर्वाधिक ग्रासलेला सांधा गुडघाच आहे. २०१९ मधील त्याची रुग्णसंख्या ३६ कोटी ५० लाख होती. आपल्याकडे १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा सुमारे १८ टक्के प्रौढांना हाडे-सांधे-स्नायूंचे दुखणे असल्याचे आणि जवळजवळ ६ टक्के प्रौढांना ऑस्टिओआर्थ्रायटिस असल्याचे आढळले.

गुडघ्यावर इस्ट्रोजेनचा परिणाम होतो, पण इतर बाबींच्या गलक्यात तो बुजून जातो. वजन, मांडीच्या पुढच्या स्नायूंचा दुबळेपणा, जुनी इजा, पायांचा बाक आणि तासन्‌तास उकिडवे बसणे ही येथली मोठी कारणे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या स्त्रियांच्या अभ्यासात इस्ट्रोजेन घेणाऱ्यांच्या गुडघ्यांत झीज कमी असावी असा कल दिसला, पण तो ठाम म्हणण्याइतका भक्कम नव्हता. लंडनच्या चिंगफर्ड भागातल्या पाहणीत गुडघ्याला संरक्षण मिळत असल्याचे दिसले. याउलट, हृदयविकार असलेल्या स्त्रियांना चार वर्षे इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन (प्रोजेस्टिन म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक) किंवा औषध नसलेली बनावट गोळी देऊन केलेल्या अमेरिकी चाचणीत दोन्ही गटांतील गुडघेदुखीचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले: २४ आणि २६ टक्के.

आणि खुबा?

संप्रेरक-उपचाराच्या बाजूने त्यातल्या त्यात बरा पुरावा खुब्याचा आहे. पासष्टीपुढील ४,३६६ गोऱ्या अमेरिकी स्त्रियांच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. इस्ट्रोजेन चालू असलेल्या स्त्रियांत खुब्याची झीज सुमारे ३८ टक्क्यांनी कमी होती आणि दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ घेणाऱ्यांत फायदा अधिक दिसला. गंमत अशी की इस्ट्रोजेनमुळे हाडांची घनता वाढते आणि घनता जास्त असलेल्या स्त्रियांत झिजेचा संधिवात एरवी अधिक आढळतो. तरीही येथे उलटे दिसले.

पण आपल्याकडे खुब्याची झीज मुळात तुलनेने कमी आढळते. बीजिंगमधील वृद्धांची तुलना अमेरिकी वृद्धांशी केली असता चिनी स्त्रियांत गुडघ्याची झीज अधिक निघाली आणि खुब्याची झीज मात्र ८० ते ९० टक्क्यांनी कमी. चिनी आणि अमेरिकी स्त्रियांची पाळी जाते ती सारखीच. तरी एकीकडे गुडघा आणि दुसरीकडे खुबा का, याचे उत्तर सांध्याची ठेवण, बसण्या-उठण्याची रीत आणि आनुवंशिकता यांतच शोधावे लागते. परदेशी अभ्यासातला खुब्याचा आकडा जसाच्या तसा उचलून आपल्या गुडघ्यांना लावणे ही या विषयातली अगदी नेहमीची चूक आहे.

हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया टळते का?

यावर दोन मोठे अभ्यास परस्परविरोधी बोलतात. अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या चाचणीत गर्भाशय काढलेल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून केवळ इस्ट्रोजेन किंवा बनावट गोळी देण्यात आली. इस्ट्रोजेनच्या गटात सांधेबदल शस्त्रक्रिया सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाल्या. हा फरक संख्याशास्त्राच्या उंबरठ्यावरच होता, म्हणजे तो योगायोगाचाही असू शकतो, आणि तो मुख्यतः खुब्याच्या बाजूने झुकलेला होता. इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन घेणाऱ्या गटात मात्र काहीच फरक दिसला नाही. सांधेदुखीच्या बाबतीत, एका वर्षानंतर इस्ट्रोजेन गटातील ७६ टक्के आणि बनावट गोळीच्या गटातील ७९ टक्के स्त्रिया सांधे दुखत असल्याचे सांगत होत्या. फरक खरा, पण शंभरातल्या तिघींपुरता.

दुसरीकडे, ब्रिटनमधील सुमारे १३ लाख स्त्रियांच्या पाहणीत हार्मोन घेणाऱ्यांतच गुडघा आणि खुबा बदलण्याचे प्रमाण अधिक निघाले. गुडघ्याचे तर दीडपटीहून अधिक. यावरून गोळी सांधे खराब करते असा अर्थ काढण्याची घाई करू नये. जी स्त्री त्रासासाठी डॉक्टरांकडे जाते, पैसे खर्च करू शकते आणि उपचार मागून घेते, तिलाच हार्मोनही मिळतात आणि शस्त्रक्रियाही मिळते. आपल्याकडे तर शस्त्रक्रिया कधी होणार हे कूर्चेपेक्षा घरातली कामे कोण करणार आणि रजा कुणाला मिळणार यावर ठरते.

पाठीच्या कण्यावरही परिणाम होतो का?

होतो. मणक्यांच्या मागील बाजूस जोडीजोडीने छोटे सांधे असतात आणि तेही झिजतात. कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकण्याचा विकार पाळी गेलेल्या स्त्रियांत पुरुषांच्या कितीतरी पट अधिक आढळतो आणि अंडाशये काढलेल्या स्त्रियांत तो आणखी जास्त दिसला आहे. चालताना पाय जड होणे आणि पुढे वाकले किंवा बसले की बरे वाटणे, हे लक्षण असल्यास कण्याची तपासणी करून घ्यावी.

जबड्याच्या सांध्याबद्दल वेगळे का सांगतात?

कारण तेथे चित्र उलटे आहे. कानापुढचा हा सांधा दुखण्याची तक्रार स्त्रियांत अधिक असली तरी ती प्रामुख्याने विशीपासून चाळिशीपर्यंत, म्हणजे इस्ट्रोजेन भरपूर असतानाच्या काळात आढळते आणि पाळी गेल्यावर कमी होत जाते. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत जबड्याच्या दुखण्याचा धोका वाढलेला दिसला. त्याच संप्रेरकाची खुब्यात राखण आणि जबड्यात कुरकुर! घास चावताना कट्‌कट् आवाज येणाऱ्या आणि त्याच वेळी हार्मोन सुरू करणाऱ्या स्त्रीने ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल सुरू झाले आणि सगळे अंग आखडले. गोळी बंद करू का?

परस्पर बंद करू नका. लेट्रोझोल, अनॅस्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही औषधे अरोमाटेज या विकराला (एन्झाइमला) अडवतात, त्यामुळे पाळी गेल्यानंतरही चरबीत तयार होणारे उरलेसुरले इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर येते. हे औषध घेणाऱ्या सुमारे निम्म्या स्त्रियांना सांधे दुखण्याचा किंवा आखडण्याचा त्रास होतो. तो बहुधा पहिल्या काही महिन्यांत हात, मनगटे आणि गुडघे यांत सुरू होतो. इस्ट्रोजेन अचानक काढून घेतल्यावर माणसाच्या सांध्यांना काय वाटते, याचा याहून थेट दाखला दुसरा नाही. ही वेदना म्हणजे लगेच झालेली झीज नव्हे, एवढा दिलासा मात्र आहे. नियमित चालणे आणि स्नायूंचे व्यायाम यांनी ती कमी होते हे चाचण्यांत दिसले आहे; शिवाय याच गटातील दुसरे औषध किंवा टॅमॉक्सिफेन देणे असे पर्याय कर्करोगतज्ज्ञांकडे असतात.

माझी गर्भपिशवी चाळिशीच्या आतच काढली. मला धोका अधिक आहे का?

आधी एक गोष्ट शोधून काढा: फक्त पिशवी काढली की अंडाशयेही? शस्त्रक्रियेचा कागद, म्हणजे डिस्चार्ज कार्ड, जपून ठेवलेले असल्यास त्यावर ते लिहिलेले असते. केवळ गर्भाशय काढले असेल तर इस्ट्रोजेन तयार होत राहते, मात्र अंडाशये काहीशी लवकर थकू शकतात. दोन्ही अंडाशये काढली असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील ऑल्मस्टेड परगण्यात, ४६ वर्षांच्या आत दोन्ही अंडाशये काढलेल्या स्त्रियांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला असता त्यांच्यात संधिवातासह अनेक दीर्घ आजार अधिक आढळले.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे समोर आले. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या या बायकांचे गुडघे आणि कंबर आधीच भाराखाली असतात. त्यात ज्यांची अंडाशयेही गेली, त्यांच्यावर दुहेरी मार बसतो. ४५ वर्षांच्या आत अंडाशये गेलेल्या स्त्रीने, तिला मनाई नसल्यास, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घ्यावेत असा वैद्यकीय सल्ला असतो. तो प्रामुख्याने हाडे आणि हृदय यांच्यासाठी असतो. सांध्यांना लाभ झाला तर तो वरकड.

मग सांध्यांसाठी एचआरटी, म्हणजे पाळी गेल्यावरचा संप्रेरक-उपचार, घ्यावी की नाही?

केवळ सांध्यांच्या झिजेसाठी घेऊ नये. त्यासाठी हा उपचार शिफारशीत नाही आणि वर दिलेले आकडे पाहता ते योग्यच आहे. अंगातून गरम वाफा निघणे, घामाने रात्री जाग येणे, हाडे ठिसूळ होणे अशा कारणांसाठी तो सुरू होत असेल, वय साठीच्या आत असेल आणि पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील, तर सांधेदुखीही थोडी हलकी होण्याची शक्यता असते. गर्भाशय शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतेच. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, पायात रक्ताची गुठळी किंवा यकृताचा आजार झालेला असल्यास ते डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे. गुठळीचा धोका त्वचेवर लावायच्या पट्टीत किंवा जेलमध्ये गोळीपेक्षा कमी असतो.

सोयाबीनमध्ये नैसर्गिक इस्ट्रोजेन असते ना?

इस्ट्रोजेनसारखी, पण फार सौम्य द्रव्ये असतात. सोयाबीन प्रथिनांसाठी जरूर खावे. त्याने कूर्चा परत येईल ही आशा ठेवू नये.

चरबीतही इस्ट्रोजेन बनते, मग जाड स्त्रियांचे गुडघे तर सुरक्षित हवेत?

शंका तर्कशुद्ध आहे. पण चरबीतून इस्ट्रोजेनबरोबरच दाह वाढवणारी द्रव्येही पाझरतात आणि भाराचे गणित तर उघडच आहे: वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. बोटांवर भार नसूनही लठ्ठपणात त्यांची झीज वाढते, ती याच द्रव्यांमुळे असावी असे मानले जाते.

रोज करण्याजोगे काय?

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, ती पायाने दाबत मांडीचा पुढचा स्नायू पाच ते दहा सेकंद आवळून धरावा आणि सोडावा. दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. ते जमू लागले की हात न टेकता खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव करावा. पाळी गेल्यावर स्नायू पटापट घटतात, म्हणून केवळ चालणे पुरत नाही. सकाळचा आखडलेपणा तासाहून अधिक टिकत असेल, मनगटे आणि बोटांची मुळे दोन्ही हातांत सुजत असतील किंवा ताप येत असेल, तर हा झिजेचा संधिवात नसण्याची शक्यता मोठी असते; अशा वेळी रक्ततपासणीसाठी संधिवाततज्ज्ञांकडे जावे.

आईची बोटे वाकडी आहेत. माझीही होणार का?

बोटांच्या गाठींचा वारसा आईकडून मुलीकडे जोरात येतो, हे १९४० च्या दशकापासून माहीत आहे. पण वारसा असलेल्या प्रत्येकीला त्रास होतोच असे नाही आणि गाठी असूनही विणकाम, भाकऱ्या, लिखाण करत राहणाऱ्या आज्या आपल्या घराघरांत असतात. आईला गाठी कोणत्या वयात आल्या आणि तिची पाळी केव्हा गेली, हे तिला एकदा विचारून वहीत लिहून ठेवा. तुमची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना त्या दोन ओळींचा उपयोग होईल.